आरसे नसलेली खोली

आपल्याच खोलीच्या दारावर टकटक करून आत जायची सवय थोरलीला अजून लागली नव्हती. त्या रविवारी सकाळीही इस्त्रीच्या चादरी हातावर घेऊन ती सरळ आत शिरली आणि दारातच थबकली. धाकटा खिडकीपाशी पाय लांब करून बसला होता. घोट्यावरच्या काळ्या पट्ट्याखाली आईने मऊ मोजा सारला होता आणि आता ती जमिनीवर बसून, मोज्याला कुठे सुरकुती तर राहिली नाही ना, हे बोटाने चाचपत होती. गुडघे दुखतात म्हणून गेल्या हिवाळ्यापासून खाली न बसणारी आई.

"दार वाजवावं गं," आई वर न बघता म्हणाली.

"ताईचीच खोली आहे," धाकटा म्हणाला.

"होती," थोरली म्हणाली. तिने चादरी पलंगावर ठेवल्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरच्या पेटीकडे सवयीने नजर टाकली. पेटीवरचा दिवा हिरवा होता. म्हणजे धाकटा घरात होता. तो घरात आहे हे डोळ्यांना दिसत असूनही आता ते पेटीला विचारावं लागे, ही गोष्ट या घराने फार लवकर पचवली होती.

धाकट्याचं दारू पिऊन गाडी चालवणं, वळणावर सायकलवरून येणारे शाळेतले संगीताचे मास्तर, त्यांचा चुरडलेला पाय, मग खटला आणि तुरुंग. शिक्षेचा उरलेला भाग घरी काढायची परवानगी मिळाली ती या पट्ट्याच्या अटीवर. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पट्टा आणि पेटी यांचं आपसात बोलणं चालू असे, आणि ते तुटलं की शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठल्याशा नियंत्रण कक्षात कळे. तिथून फोन येई. तो थोरलीला येई.

पेटी बसवायला माणूस आला होता तो दिवस तिला स्वच्छ आठवत होता. पेटी हातात धरून तो घरभर हिंडला आणि प्रत्येक खोलीत मान हलवत राहिला. आजोबांपासून आरसे करणारं हे घर. विकला न गेलेला, कडेला टवका उडालेला, गिऱ्हाइकाने परत पाठवलेला प्रत्येक आरसा कुठल्या ना कुठल्या भिंतीवर चढलेला. जिन्यात आरसे, हॉलमध्ये आरसे, स्वयंपाकघरात ओट्याच्या वरही एक लांबट आरसा. चांदीचा थर पातळ असला तरी सिग्नल परतवतो, तो माणूस म्हणाला. शेवटी तो थोरलीच्या खोलीत आला आणि पेटीचा दिवा पहिल्यांदा स्थिर झाला. कारखान्यात दिवसभर आपलाच चेहरा उलटसुलट बघणाऱ्या थोरलीने स्वतःच्या खोलीत कधी आरसा लावला नव्हता.

"मग झालं तर," आई म्हणाली होती, "राजा इथेच झोपेल." धाकट्याला ती राजाच म्हणे.

थोरलीची गादी मागच्या खोलीत गेली, काचांच्या खोक्यांमध्ये. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती नाही म्हणाली नसती. पण विचारलं असतं तर हो म्हणायला तरी मिळालं असतं.

त्या दिवशी सगळे धाकट्याच्या पायाभोवती जमले होते. पट्टा घट्ट होतोय का, आंघोळीला चालतो का, झोपेत रुततो का. पेटीपाशी त्या माणसाचं बोलणं ऐकायला एकटी थोरली उभी होती. पेटी उघडी राहू द्या, त्याने सांगितलं. समोर कपाट नको, धातूचा पत्रा नको, आणि आरसा तर मुळीच नको. तिने मान डोलावली. म्हणून मग फोन नंबरही तिचाच दिला गेला.

थोरलीचा एक नेम होता. वडील गेल्यापासून ती रोज पहाटे डोळे मिटून बसे आणि उठताना कुणाचंही वाईट मनात ठेवून उठायचं नाही, असं तिने देवाला सांगितलं होतं. मोठं व्रत नव्हे. उपास नाही, पारायण नाही. पण धाकटा घरी आल्यापासून तिचं बसणं लांबत चाललं होतं. मन निवळल्याशिवाय उठायचं नाही म्हटलं, तर कारखाना उघडायला उशीर होई. तेव्हा अलीकडे ती न निवळताच उठत होती, आणि देवाला हे दिसत असणार हे जाणून दिवसभर त्याच्याकडे पाठ करून वावरत होती.

आजचा दिवस महत्त्वाचा होता. देखरेखीच्या बाई दुपारी येणार होत्या. धाकट्याला दिवसा कामावर जाऊ द्यायचं की नाही, हे त्या आज ठरवणार होत्या. काम म्हणजे गल्लीच्या टोकाचा आपला कारखाना. दुसरं कोण त्याला ठेवून घेणार? त्या निमित्ताने आईने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. माणसं सोबत दिसली की बाईंच्या मनावर परिणाम होतो, असा तिचा हिशेब.

मधला भाऊ आणि त्याची बायको, जिला घरात मधलीच म्हणत, आधी आले, पाठोपाठ मामा. पूर्वी मधली आली की आधी स्वयंपाकघरात थोरलीपाशी येई, हातातली पिशवी ठेवायच्या आधीच कुजबुजू लागे. ताई, तुमच्याइतकं कुणी केलं नसतं. ताई, आईंना दिसत कसं नाही हो. थोरली तिला दटावायची, पण ते शब्द मागच्या खोलीत झोपताना उशीखाली ठेवल्यासारखे तिच्याजवळ राहायचे. आज मधली थेट हॉलमध्ये गेली, धाकट्याच्या शेजारची खुर्ची ओढली आणि संत्र्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. भाऊजी, तुम्ही किती वाळलात हो, असं काहीसं ती म्हणाली.

धाकटा मुळीच वाळला नव्हता. थोरली स्वयंपाकघरात डाळ ढवळत होती आणि ओट्यावरच्या लांबट आरशात तिला हॉल दिसत होता. मामांनी पट्ट्याकडे बघून विचारलं की याच्यावर वेळ पण कळते का, आणि सगळे हसले. मग धाकट्याने काहीतरी उत्तर दिलं आणि ते त्याहून जास्त हसले. हे त्याला लहानपणापासून येई. शाळेतून नापास होऊन आला तरी जेवायच्या वेळेपर्यंत घर हसत असे. थोरली पहिली आली की आई म्हणे, पेढे नकोत, दात किडतात.

मास्तरांना भेटायला इस्पितळात घरातून एकटी थोरली गेली होती. तिला वाटलं होतं मास्तर तोंड फिरवतील. पण त्यांनी तिला खुर्ची दाखवली आणि विचारलं, तुम्ही त्याच्या थोरल्या का?  हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, राजाच्या वतीने गेलीस ते बरं केलंस.

जेवणं झाली. टेबल आवरून होताच आईने मधल्याला आणि मामांना जिन्याखालची घोंगडीत गुंडाळलेली वस्तू बाहेर काढायला सांगितलं. घोंगडी दिसली तेव्हाच थोरलीचे हात साबणाच्या पाण्यात थांबले.

तो वडिलांचा शेवटचा आरसा होता. लंबगोल, कडेला बारीक उतार दिलेला. हात थरथरायला लागल्यावर वडिलांनी ती कड घासली होती, एका पावसाळ्यातून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत, रोज थोडी थोडी. मुलामा चढवायच्या दिवशी त्यांना उभं राहवेना. ते स्टुलावर बसून सांगत गेले आणि चांदीचं पाणी थोरलीने ओतलं. काच त्यांची, पाठ तिची. वडील गेल्यावर तिने तो मागितला होता. आई म्हणाली होती, बघू. त्या 'बघू'वर इतकी वर्षं गेली.

"राजाच्या खोलीत ठेवा," आई म्हणत होती. "कामाला जाणार आता तो. सकाळी बघून निघायला हवा आरसा." मग स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिने विचारलं, "अगं, कुठे ठेवू सांग. तुझी पाहिलेली खोली."

थोरलीने हात पुसले. ती पॅसेजपर्यंत गेली आणि तिथूनच बघितलं. खोलीत पलंग, कपाट, खिडकी. आरसा टेकवायला मोकळी अशी एकच जागा होती, कोपऱ्यातल्या स्टुलासमोरची.

"तुला वाटेल तिथे ठेव," ती म्हणाली.

मामांनी घोंगडी सोडली आणि आरसा स्टुलाच्या अगदी पुढे, भिंतीला तिरका टेकवला. बरं झालं, ते म्हणाले, ही मेली पेटीही झाकली जाते. बाई माणूस येणार घरात, कशाला ते डोळ्यांपुढे? सगळ्यांना ते पटलं. आरशात पलंग दिसू लागला, खिडकी दिसू लागली, आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये उभी असलेली थोरली. ती बाजूला झाली.

आपण काही केलं नाही, असं तिने मनाला सांगितलं. आरसा तिने उचलला नव्हता, ठेवला नव्हता. कुणाचं वाईट चिंतलंही नव्हतं. फक्त एक गोष्ट माहीत होती आणि ती विचारल्याशिवाय सांगितली नव्हती. या घरात विचारल्याशिवाय सांगायची तिला कधी सवय नव्हतीच. ती परत जाऊन चहा टाकू लागली. चहात साखर दोनदा पडली.

हॉलमध्ये चहा फिरला आणि आईने घसा साफ केला. बाई येण्याआधी सगळ्यांचं एकमत असावं, ती म्हणाली, म्हणजे कुणी वेगळं बोलायला नको. कारखाना आता राजाच्या हाती देते. त्याच्या बापाचा, आजोबांचा धंदा आहे. स्वतःचं काहीतरी असलं की माणूस सुधारतो. बाईंनी विचारलं तर सांगायचं, मालक हाच. आणि मग, जणू काही मोठं बक्षीस काढावं तसं ती थोरलीकडे वळून म्हणाली, "तू पण किती राबशील? तुला आता विश्रांती."

 मामांनी मान डोलावली, मुलगा उभा राहिला पाहिजे म्हणाले. मधला कपात बघत राहिला. थोरलीने मधलीकडे पाहिलं. इतक्या वर्षांची ती कुजबुज, त्यातला एक शब्द तरी आज हॉलमध्ये मोठ्याने येईल, असं तिला वाटलं. मधलीचा कप ओठांपाशी अडकला होता. तिने तो खाली ठेवला आणि हसून म्हणाली, "आईंनी ठरवलं म्हणजे विचार करूनच ठरवलं असणार."

धाकटा संत्रं सोलत होता. त्याने वर पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर आईने त्याच्या हातून फोडी काढून घेतल्या होत्या. त्यांवरचे पांढरे धागे ती एकेक करून काढत होती आणि स्वच्छ झालेली फोड त्याच्या बशीत ठेवत होती.

त्याच वेळी थोरलीचा फोन वाजला.

पलीकडचा आवाज नेहमीचाच, नम्र आणि झोपाळू. आपल्या भावाचा पट्टा पेटीला सापडत नाहीये. ते घरात आहेत का?

तो समोर बसला होता. हात लांब केला असता तर तिला त्याच्या बशीतली फोड उचलता आली असती. या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. थोरली आईच्या बोटांकडे बघत होती. त्या बोटांनी तिच्यासाठी कधी धागे काढले होते का, हे ती आठवत होती, आणि तिला आठवेना. काढलेही असतील. पण आठवेना.

"मी बघून सांगते," ती म्हणाली आणि फोन बंद करून मांडीवर पालथा ठेवला.

"कुणाचा गं?" आईने विचारलं.

"कामाचा."

कपातला चहा संपेपर्यंत सांगू, असं तिने ठरवलं होतं. चहा संपला. मग कपबशा आत नेऊन येऊ, मग सांगू. कपबशा धुवायला तिने पुष्कळ पाणी वापरलं. तुरुंगात गेला तर खोली परत मिळेल, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिने त्याला बसायला जागा दिली. कारखाना, खोली, आरसा, आणि दुपारच्या वेळी रिकाम्या घरात आई आणि ती. आई तेव्हा कुणाचा मोजा चाचपेल?

दारावरची बेल अपेक्षेपेक्षा लवकर वाजली. देखरेखीच्या बाई आत आल्या त्या बसल्या नाहीत. ठेंगण्या, दम लागलेल्या, खांद्याला मोठी पिशवी. आईने पुढे केलेलं पाणीही त्यांनी घेतलं नाही. त्या धाकट्याकडे बघत म्हणाल्या की वाटेतच त्यांना कळवण्यात आलं, गेला बराच वेळ पट्टा घरात नव्हता.

मग एकदम सगळे बोलू लागले. तो इथेच होता. जेवला इथे, बसला इथे. मामांनी तर संत्र्याची सालं दाखवली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. नातेवाईक नेहमी हेच म्हणतात, त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नाही, मीही म्हणाले असते. पण हे उल्लंघन म्हणून गेलं तर कामाच्या परवानगीचा प्रश्नच उरत नाही. त्यांना परत आत जावं लागेल, आणि तेही बहुतेक आजच. मग त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "फोन तुम्हीच घेतला ना? बघून सांगते म्हणालात, आणि परत कळवलं नाहीत. म्हणून विचारते. तेव्हा ते घरात होते?"

आई वळली. "फोन त्यांचा होता?"

थोरली उत्तर देणार एवढ्यात मधली बोलली. अगदी हळू, जणू बोलायचं नव्हतं पण सत्य कसं लपवायचं, अशा आवाजात. खोटं कशाला बोला, ती म्हणाली, भाऊजी मध्ये एकदा उठले होते खरे. हात धुवायला असतील. मागचं दार उघडं होतं, वारा आला म्हणून मला कळलं. मी काही पाहिलं नाही हं, बाई, मी आपली पाठ करून बसले होते.

मधल्याने बायकोकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्याला कळलं होतं. थोरलीलाही कळलं. धाकटा आत गेला की कारखाना कुणाच्या हाती द्यायचा, हा प्रश्न आईपुढे पुन्हा उभा राहणार होता, आणि आईला मुलगे दोन होते. पण थोरली चरकली ती त्यामुळे नव्हे. मधलीचा आवाज किती सौम्य होता. किती साधा, किती निर्दोष. तिने काहीच केलं नव्हतं. तिने फक्त पाहिलं नव्हतं. तो आवाज थोरलीने थोड्या वेळापूर्वीच ऐकला होता, स्वतःच्या तोंडून, फोनवर.

आई धाकट्याचा दंड धरून उभी होती. धाकटा आईकडे बघत नव्हता. तो थोरलीकडे बघत होता. लहानपणी शेजारच्यांची खिडकी फुटली की तो असाच उभा राहायचा आणि स्वतःबद्दलच तिला विचारायचा, कारण तिचं सांगणं घरात खरं धरलं जाई.

"ताई," त्याने विचारलं, "मी गेलो होतो का कुठे?"

त्या विचारण्यात आरोप नव्हता. तेच तिला सोसलं नाही.

"नाही," थोरली म्हणाली. "माझ्यासमोर बसला होता. फोन आला तेव्हाही समोरच होता." आणि मग बाईंना म्हणाली, "तुम्ही आत या."

ती पुढे गेली, तिच्या मागे बाई, त्यांच्या मागे सगळं घर. खोलीत शिरताना तिने दार वाजवलं नाही. तिने आरसा दोन्ही हातांनी कडेला धरला, सांभाळून उचलला आणि पलंगावर आडवा ठेवला. स्टुलावरच्या पेटीचा दिवा लाल होता. सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले. थोड्या वेळाने तो लुकलुकला आणि हिरवा झाला.

मामांनी कपाळाला हात लावला. अरे देवा, हे मीच केलं, ते म्हणाले. बाईंनी सुस्कारा सोडला. पट्टा आणि पेटी तपासल्या, आरशाला पाठीमागून बोटाने टकटक केलं. असं होतं, त्या म्हणाल्या. दुसऱ्या एका घरात लोखंडी कपाटामुळे झालं होतं. कारणासकट लिहिते, मग उल्लंघन धरणार नाहीत. आईने डोळ्यांना पदर लावला. सगळं तिथेच संपलं असतं. पण बाई कामाला पक्क्या होत्या; पिशवी खांद्याला लावता लावता त्यांनी सहज विचारलं, "बसवताना सांगितलं नव्हतं का तुम्हाला? समोर आरसा नको म्हणून?"

"मला सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

"मग गडबडीत विसरलात."

बाईंनी तिला दार उघडून दिलं होतं. त्यातून निघून जाणं किती सोपं होतं. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं, कदाचित देवालाही. थोरलीने आपल्या ओल्या हातांकडे पाहिलं. पहाटे हेच हात मांडीवर ठेवून ती बसली होती आणि तिथून तशीच उठली होती.

"विसरले नव्हते," ती म्हणाली.

 आईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक निघाला. "तू त्याला आत घालायला निघाली होतीस?"

"हो. थोडा वेळ."

"का गं?"

याचं उत्तर थोरलीपाशी इतकं होतं की त्यातलं काय सांगावं ते तिला सुचेना. खोली, पेढे, मोजा, बघू, विश्रांती. एकेक शब्द ओठांपर्यंत आला आणि फार लहान वाटला. शेवटी ती म्हणाली, "तो आरसा मी मागितला होता, आई."

आई तिच्याकडे बघत राहिली. तिला खरंच आठवत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं स्पष्ट दिसत होतं की थोरलीला तिचा राग येण्याऐवजी एकाएकी थकवा आला.

बाईंना असले प्रसंग नवे नसावेत. त्या खुर्ची ओढून पहिल्यांदाच बसल्या. हे मी लिहीत नाही, त्या म्हणाल्या, पण यापुढे फोनसाठी यांचा नंबर चालणार नाही. दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घ्या. आईने आपला नंबर दिला. तो तिला पाठ नव्हता, मधल्याने सांगितला. दिवसा, पहाटे, केव्हाही विचारतील, बाईंनी बजावलं. आई म्हणाली, विचारू देत.

"आणि कामाचं काय?" बाईंनी वही मिटता मिटता विचारलं. "कारखाना कुणाचा?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.  एकमत झालेलं होतं, फक्त ते बोलून दाखवायला आता कुणी तयार नव्हतं. मधली तर खिडकीबाहेर बघत होती, जणू या घरात ती चुकून शिरली होती.

"ताईचा," धाकटा म्हणाला. आई त्याला थांबवणार हे दिसताच तो भरभर बोलत गेला. मला काचेची कड घासता येत नाही. चांदीचं पाणी किती घ्यायचं ते येत नाही. मालक म्हणून बसवलंत तर गिऱ्हाईक महिन्यात पळेल. कामगार म्हणून घेत असेल तर विचारा तिला. मग तो थांबला, आणि हळू म्हणाला, "नाही म्हणाली तरी चालेल. नाही म्हणायला जागा आहे तिला."

जागा आहे. तिला ते आवडलं नाही. त्याचं समजूतदार होणंही तिला आवडलं नाही; आता तेही यालाच साधणार, असं मनात येऊन गेलं. तिने बाईंना विचारलं की मालकाने नेमकं करायचं काय. फार नाही, बाई म्हणाल्या. वेळेवर आला, वेळेवर निघाला, एवढं कळवायचं. आणि खरं कळवायचं.

"मी कळवीन," थोरली म्हणाली. "पण गादीवर बसवून कामाला नाही ठेवणार. काचा धुण्यापासून सुरुवात. आणि घरी मी त्याच्यावर लक्ष ठेवणार नाही. दोन्ही जागी मी पुरायची नाही."

 त्या दिवशी आई थोरलीशी बोललीच नाही, आणि पुढेही काही दिवस फक्त भाजीबद्दल बोलली. त्या काळात फोन मात्र वाजत राहिला. आई धावत जाई, चष्मा शोधी, फोन उलटा धरी आणि मोठ्याने सांगे, घरात आहे, माझ्यासमोर आहे. पहाटे डोळे मिटून बसलेल्या थोरलीला भिंतीपलीकडून ते ऐकू येई. मन निवळत नव्हतं. पण आता ती देवाला तसं सांगून उठत होती.

परवानगी आली त्या सकाळी धाकटा गल्लीतून चालत कारखान्यात आला. विजारीखालचा पट्टा झाकायला त्याने मोजा त्यावर ओढला नव्हता. तो दिसत होता. कड घासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने यंत्र बंद केलं, पाणी भरणाऱ्या बाईने कमरेवर हात ठेवले, आणि तो आत येऊन काहीतरी बोलला मात्र, दोघंही हसायला लागली. या दोघांना हसताना बघायला थोरलीला वर्षं लागली होती. तिच्या छातीत ते जुनंच ओळखीचं काहीतरी चावलं, आणि ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

तिने त्याला रबरी हातमोजे दिले, धुण्याचा हौद दाखवला, काच कशी धरायची ते सांगितलं. त्याने काच उचलली ती चुकीची. अंगठा कडेवर होता. तिने त्याचा अंगठा धरून आत सारला.

"आणि इथे ताई म्हणायचं नाही," ती म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"हे सगळे म्हणतात तेच."

त्याने कारागिराकडे पाहिलं. कारागीर यंत्र चालू करायला वळला. धाकट्याने काच पाण्यात बुडवली आणि तिच्याकडे बघून, आवाज न चढवता, "बरं, मालक," म्हणाला.

थोरली काही वेळ तिथेच उभी राहिली. त्या शब्दात कुठे थट्टा आहे का, कुठे दया आहे का, हे ती शोधत होती. दोन्ही नव्हतं. तिला त्याचाच राग आला, आणि तो येऊ देत ती आपल्या बाकाकडे गेली.